रिचर्ड ओल्डहॅम : भूकंपाच्या लाटा वेगळ्या करणारा माणूस

भूकंपाची सूचना आता मोबाईलवर येऊ शकते, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. गूगलने सप्टेंबर २०२३ मध्ये ही सोय भारतातल्या अँड्रॉइड फोनवर आणली. त्याआधी २०२१ मध्ये आयआयटी रुडकीने उत्तराखंड राज्यासाठी वेगळं ॲप तयार केलं होतं. हे कसं होतं असं मी मैत्रिणींना विचारलं, तर बहुतेकींनी सॅटेलाइटचं नाव घेतलं. खरं म्हणजे भूकंप ओळखायचं काम सॅटेलाइट करत नाही. ही सगळी व्यवस्था ज्या एका साध्या गोष्टीवर चालते, ती सव्वाशे वर्षांपूर्वी भारत सरकारच्या नोकरीतल्या एका भूवैज्ञानिकाने पहिल्यांदा स्पष्ट दाखवून दिली. त्यांचं नाव रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम. त्यांच्याविषयी आपल्या मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हा लेख.

रिचर्ड यांचा जन्म ३१ जुलै १८५८ रोजी डब्लिनमध्ये झाला. वडील थॉमस ओल्डहॅम हे जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे पहिले प्रमुख. १८५१ साली कंपनी सरकारने त्यांना भारतात आणलं ते मुख्यतः कोळसा शोधण्यासाठी. या खात्याच्या लोकांनी पुढे कोळशाच्या ज्या खडकांचा अभ्यास केला, त्यांना गोंडांच्या मुलखावरून गोंडवाना हे नाव पडलं. आज जगभर हे नाव चालतं. आपल्या जुन्या छिंदवाडा जिल्ह्यातलं देवगड ही गोंड राजांची राजधानी, आणि परासियाच्या खाणीतला कोळसा याच खडकांतला. सौंसरचं नावही असंच पुस्तकांत गेलेलं आहे. आपल्याकडच्या मँगनीजच्या पट्ट्यातल्या अतिशय जुन्या खडकांना भूवैज्ञानिक सौंसर समूह म्हणतात. बाजाराच्या दिवशी आपण ज्या गावाला बसने जातो, त्याचं नाव परदेशातली मुलं परीक्षेत लिहितात, याची मला गंमत वाटते.

थॉमस ओल्डहॅम यांना कोळशाइतकीच भूकंपाची ओढ होती. १० जानेवारी १८६९ रोजी कछार भागात मोठा भूकंप झाला, तेव्हा त्यांनी तिथे जाऊन पाहणी केली. भारतात पूर्वी झालेल्या भूकंपांची यादीही ते करत होते. दोन्ही कामं अपुरी राहिली आणि १८७८ साली ते वारले. रिचर्ड तेव्हा शिकत होते. रग्बी स्कूल आणि नंतर लंडनचं रॉयल स्कूल ऑफ माइन्स असं त्यांचं शिक्षण. १८७९ मध्ये ते वडिलांच्याच खात्यात रुजू झाले. वय जेमतेम एकवीस, म्हणजे आज माझं आहे तेवढंच. पुढच्या तीन-चार वर्षांत त्यांनी वडिलांचे कागद लावले. कछारच्या भूकंपाचा अहवाल १८८२ मध्ये छापून आला, भूकंपांची यादी १८८३ मध्ये. दोन्हींवर नाव वडिलांचं होतं. स्वतःचं काम सुरू होण्याआधी रिचर्ड यांनी भूकंपाचा अभ्यास असा दुसऱ्याची वही पुरी करता करता शिकून घेतला.

त्यानंतरची बरीच वर्षं हिमालयात आणि इतर भागांत नकाशे करण्यात गेली. थंडीत तंबू घेऊन फिरायचं आणि पावसाळ्यात कलकत्त्याला बसून लिहायचं, असा त्या खात्याचा क्रम असे. १८९३ मध्ये भारताच्या भूविज्ञानाच्या मोठ्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती ओल्डहॅम यांनी तयार केली. एवढ्यावरही त्यांचं नाव त्या विषयात राहिलं असतं. पण चार वर्षांनी आसाम हलला.

१२ जून १८९७, शनिवार, संध्याकाळचे सव्वापाच. शिलाँग आणि आसपासच्या डोंगराळ भागात इतका जबरदस्त धक्का बसला की शिलाँगमधल्या दगडी इमारती जमीनदोस्त झाल्या. कलकत्त्यातसुद्धा घरांना तडे गेले. सुमारे दीड हजार माणसं मेली. धक्क्याच्या मानाने हा आकडा कमी राहिला, कारण दिवसाची वेळ होती आणि बरेच लोक घराबाहेर होते. हाच धक्का रात्री बसला असता तर काय झालं असतं, याची कल्पना आपण किल्लारीवरून करू शकतो. त्याकडे पुढे येते.

या भूकंपाची पाहणी ओल्डहॅम यांच्याकडे आली. त्या वेळी भारतात असा भूकंप नीट नोंदवणारं यंत्रच नव्हतं. मग माहिती आणायची कुठून? तर माणसांकडून. धक्का किती वाजता बसला, किती वेळ टिकला, काय पडलं, काय फक्त हललं, अशी माहिती देशभरातून गोळा करण्यात आली. सगळ्यात मोठा घोळ घड्याळांचा होता. प्रत्येक गावाची वेळ वेगळी, घरातलं घड्याळ पाच मिनिटं पुढे किंवा मागे. तारघरांना आणि रेल्वेला मात्र मद्रासची वेळ तारेने मिळायची, म्हणून तिथल्या नोंदी जास्त भरवशाच्या. हजारो साध्या माणसांच्या आठवणीतून खरी वेळ चाळून काढायची, हे काम मला कुठल्याही हस्तलिखिताचं पाठसंशोधन करण्याइतकंच चिकाटीचं वाटतं.

ओल्डहॅम आणि त्यांचे सहकारी प्रत्यक्ष त्या भागातही फिरले. चेद्रांग नदीच्या काठाने जमीन फाटून एक बाजू काही ठिकाणी पस्तीस फूट वर आलेली त्यांनी मोजली. मोठमोठे धोंडे आपल्या जागेवरून वर उडून बाजूला पडलेले दिसले. त्यावरून त्यांनी म्हटलं की जमिनीचा झटका गुरुत्वाकर्षणापेक्षाही जोरदार असला पाहिजे. हा सगळा अहवाल १८९९ मध्ये छापला गेला. भूकंपावर लिहिलेल्या सर्वांत चांगल्या अहवालांत तो आजही धरला जातो.

पण आपल्या मोबाईलशी संबंध असलेली गोष्ट वेगळीच आहे. भारतात यंत्र नव्हतं, तरी इटलीत होती. तिथे भूकंपाच्या अभ्यासात कॅथलिक धर्मगुरूंचा मोठा हात होता. भूकंपाचा परिणाम मोजायची जी पट्टी मर्काली या नावाने प्रसिद्ध आहे, ते जुझेप्पे मर्कालीसुद्धा धर्मगुरूच. आसामचा धक्का हजारो किलोमीटर दूर इटलीतल्या यंत्रांवर उमटला होता. ओल्डहॅम यांनी त्या नोंदी मागवून पाहिल्या, तर रेघ एकदम जोरात हललेली नव्हती. आधी एक बारीक थरथर, थोड्या वेळाने दुसरी जास्त ठळक थरथर, आणि शेवटी मोठ्या लाटा, असे तीन टप्पे दिसत होते. सुरुवातीची थरथर आधीही काहींनी पाहिली होती. ओल्डहॅम यांनी दाखवलं ते हे की हे तीन वेगवेगळ्या प्रकारचे तरंग आहेत, एकाच क्षणी निघालेले, पण वेगवेगळ्या वेगाने आलेले. पहिले दोन पृथ्वीच्या पोटातून येतात, तिसरे पृष्ठभागावरून. १९०० साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी हे सविस्तर मांडलं.

आज पहिल्या लाटेला पी आणि दुसरीला एस म्हणतात. पी लाट ढकलत-ओढत येते, स्प्रिंग दाबून सोडावी तशी. ती वेगवान असते, पण तिच्याने नुकसान कमी होतं. एस लाट जमीन आडवी हलवते आणि भिंती पाडते, पण ती मागून येते. पांढुर्ण्याच्या लोकांना हे समजावून सांगणं सोपं आहे, कारण आपलं स्टेशन नागपूर-इटारसी मार्गावर आहे. समजा एकाच स्टेशनवरून एकाच वेळी एक सुपरफास्ट आणि एक पॅसेंजर वेगवेगळ्या रुळांवरून सुटल्या. पहिल्या स्टेशनवर दोघींमध्ये मिनिटभराचाच फरक असेल. पण जितकं लांब जाल तितका फरक वाढत जाईल. दोन गाड्यांमधला वेळ कळला की त्या किती लांबून निघाल्या हेही सांगता येतं. पूर्वसूचना म्हणजे सुपरफास्ट दिसल्याबरोबर पुढच्या स्टेशनांना तारेने कळवणं की मागून पॅसेंजर येते आहे. तार, म्हणजे आता इंटरनेट, या दोन्ही गाड्यांपेक्षा किती तरी वेगाने जाते.

आता आपल्याच भागाचा हिशोब करू. २२ मे १९९७ च्या पहाटे सव्वाचारच्या सुमारास जबलपूरजवळ ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला. चाळीसच्या आसपास लोक गेले. जबलपूर, मंडला, सिवनी, छिंदवाडा या जिल्ह्यांना झळ बसली. मी तेव्हा जन्मले नव्हते, पण आजीला ती रात्र आठवते. मे महिना, घरचे सगळे अंगणात खाटा टाकून झोपलेले. मांडणीवरची भांडी वाजली तेव्हा तिला आधी मांजर शिरल्यासारखं वाटलं, मग खाटच हलली. जबलपूर ते पांढुर्णा सरळ रेषेत सुमारे सव्वादोनशे किलोमीटर आहे. पी लाट सेकंदाला साधारण सहा किलोमीटर जाते, एस लाट साडेतीन. म्हणजे पी लाट पांढुर्ण्याला ३७-३८ सेकंदांनी पोचेल आणि एस लाट ६४-६५ सेकंदांनी. सौंसर जरा जवळ, तिथे पाच-सहा सेकंद आधी. जबलपूरजवळच्या यंत्रांनी पी लाट ओळखून दहा-बारा सेकंदांत निरोप सोडला, तर आपल्या हातात जवळपास पन्नास सेकंद राहतात. पन्नास सेकंदांत आजीला उठवता येतं, गॅस बंद करता येतो, खाटेवरच्या बाळाला उचलता येतं.

हे ऐकायला छान वाटतं, म्हणूनच याच्या पुढचा भाग सांगणं जरुरी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक आपापल्या घरात झोपले होते. मातीत बांधलेल्या जाड दगडी भिंती, वर मातीचं जड माळवद. हजारो माणसं त्याच्याखाली गेली. आजची सगळी यंत्रणा त्या दिवशी असती तर किल्लारी आणि सास्तूरच्या लोकांना किती वेळ मिळाला असता? जवळजवळ काहीच नाही. भूकंपाच्या अगदी जवळ पी आणि एस लाटा एकापाठोपाठ येतात, आणि यंत्र निरोप सोडेपर्यंत भिंत पडलेली असते. ज्यांना सूचनेची सगळ्यात जास्त गरज, त्यांनाच ती मिळत नाही. हा दोष कुठल्या कंपनीचा किंवा सरकारचा नाही. ओल्डहॅम यांनी जो नियम दाखवला त्यातच ते आहे. दोन गाड्या एकत्र सुटतात, आणि पहिल्या स्टेशनवर त्या जवळपास एकत्रच येतात.

मेक्सिको सिटीत हे लोकांनी अनुभवलं. १९८५ च्या मोठ्या भूकंपानंतर तिथे पूर्वसूचनेची व्यवस्था उभी राहिली, १९९१ पासून ती चालू आहे. समुद्रकिनाऱ्यावरचा भूकंप तीनेकशे किलोमीटर लांबून येतो, त्यामुळे शहराला मिनिटभराचा वेळ मिळतो. सायरन वाजला की लोक इमारतीबाहेर येतात. पण १९ सप्टेंबर २०१७ चा भूकंप शहराच्या बराच जवळ झाला. सकाळीच सगळ्या शहराने भूकंपाचा सराव केला होता, आणि दुपारी खरा धक्का आला तेव्हा सायरन आणि हादरा जवळपास एकाच वेळी आले. २०२३ मध्ये तुर्कस्तानातल्या भूकंपाची ताकद आपल्या यंत्रणेने फार कमी धरली, हे गूगलनेही नंतर मान्य केलं.

मग उरतं काय? घर. आसामच्या लोकांनी १८९७ नंतर हे ओळखलं. तिथे लाकडी चौकट, बोरूच्या जातीच्या गवताच्या भिंतींवर गिलावा आणि हलकं छप्पर अशी घरं पसरली. त्यांना आजही आसाम पद्धतीची घरं म्हणतात. अशा घराची भिंत पडली तरी माणूस सहसा मरत नाही. आपल्याकडे जुन्या वस्त्यांत अजून मातीच्या भिंती आणि कवेलूची छपरं आहेत. नवीन घरं विटांची आणि स्लॅबची आहेत, पण कॉलमच्या सळ्या कशा बांधल्या हे घरमालकाने पाहिलंच असेल असं नाही. अलर्टचा फोन खिशात असूनही घर तसंच राहिलं, तर जवळच्या भूकंपात त्या फोनचा उपयोग नाही.

ओल्डहॅम यांच्या पुढच्या आयुष्याकडे परत येते. तब्येत साथ देईना म्हणून १९०३ मध्ये त्यांनी भारतातली नोकरी सोडली. वय अवघं पंचेचाळीस. इंग्लंडला गेल्यावर त्यांच्याजवळ ना खातं होतं ना फिरतीचे तंबू. जगभरच्या यंत्रांच्या नोंदी मात्र आता जमा होत होत्या. १९०६ मध्ये त्यांनी दाखवलं की भूकंपाच्या लाटा पृथ्वीच्या अगदी खोल भागातून जातात तेव्हा त्यांना अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणजे आत वेगळ्या पदार्थाचा एक गाभा असला पाहिजे. पृथ्वीला गाभा आहे याचा लाटांवरून मिळालेला हा पहिला पुरावा. त्यांचे आकडे नंतर सुधारावे लागले. १९१४ च्या सुमारास गुटेनबर्ग यांनी गाभ्याची खोली सुमारे २९०० किलोमीटर काढली, आणि ती आजही जवळपास तशीच मानली जाते. ओल्डहॅम यांना १९०८ मध्ये लायल पदक मिळालं, १९११ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, आणि १९२० ते १९२२ या काळात लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीचे अध्यक्ष होते. १५ जुलै १९३६ रोजी वेल्समध्ये त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी डेन्मार्कच्या इंगे लेमान यांनी त्या गाभ्याच्या आत आणखी एक घट्ट गाभा असल्याचं मांडलं.

भूकंपाची सूचना देणारं यंत्र बनवायचं, असा ओल्डहॅम यांचा विचार होता असं मी म्हणणार नाही. ती कल्पना वेगळ्या माणसाची. १८६८ मध्येच सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉक्टर कूपर यांनी वर्तमानपत्रात लिहिलं होतं की लांब धक्का बसला की तारेने शहरातली घंटा वाजवावी. त्या काळी तार होती, पण कोणत्या थरथरीवर विश्वास ठेवायचा हे माहीत नव्हतं. ते ओल्डहॅम यांच्यामुळे कळलं. जपानने १ ऑक्टोबर २००७ पासून सगळ्या जनतेला अशी सूचना द्यायला सुरुवात केली. तिथली यंत्रणा पी लाट पकडून एस लाटेचा अंदाज बांधते.

मला सगळ्यात जास्त भावतं ते हे की सव्वाशे वर्षांनी आपण पुन्हा त्यांच्याच पद्धतीवर आलो आहोत. त्यांनी लोकांकडून माहिती गोळा केली. आज अँड्रॉइड फोन एका जागी शांत पडलेला असताना थरथर ओळखतो आणि कळवतो. एका भागातल्या पुष्कळ फोनांनी एकदम कळवलं की भूकंप मानला जातो. म्हणजे सामान्य माणूस तेव्हाही नोंद करणारा होता, आताही आहे. फरक एवढाच की आता त्याला स्वतःला ते माहीत नसतं.

फोनवरच्या सूचना दोन प्रकारच्या असतात. हलका धक्का येणार असेल तर साधी सूचना येते. जोरदार धक्का असेल तर पूर्ण स्क्रीन भरते आणि फोन सायलेंटवर असला तरी मोठा आवाज होतो. त्यासाठी सेटिंगमध्ये भूकंपाचे अलर्ट आणि लोकेशन चालू हवं, इंटरनेट हवं. सुट्टीत मी घरातल्या आणि शेजारच्या फोनांमध्ये हे पाहिलं, तर कित्येकांचं लोकेशन बॅटरी वाचवण्यासाठी बंद होतं.

आणि इथे आपल्या मंडळाचं काम सुरू होतं असं मला वाटतं. अलर्टवर सांगितलेलं असतं की खाली बसा, डोकं झाका, मजबूत वस्तूला धरून राहा. हे पक्क्या घरासाठी बरोबर आहे. कवेलूच्या मातीच्या घरात, जिथे टेबलच नाही आणि दार चार पावलांवर आहे, तिथे आजीने काय करायचं? बाहेर मोकळ्या जागेत जाणंच बरं. पण हे तिला आधी, शांतपणे, तिच्या बोलीत सांगायला हवं. पांढुर्ण्यात सरकारी कागद हिंदीत येतो, घरात मराठी चालते, आणि फोन बऱ्याचदा इंग्रजीत असतो. दहा सेकंदांत तीन भाषा ओलांडून अर्थ पोचवायचा असेल तर शब्द फार नेमके लागतात. आपण भाषा शिकणारी मुलं आहोत. यंदाच्या एनएसएसच्या शिबिरात आपण जाऊ त्या गावात घरोघरी फोनची सेटिंग तपासू, आणि कच्च्या घरासाठी एक, पक्क्या घरासाठी एक अशा चार ओळींच्या सूचना वऱ्हाडी वळणाच्या मराठीत लिहून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावू. त्या ओळी लिहून झाल्यावर आधी एखाद्या आजीला वाचून दाखवायच्या. तिला एका ऐकण्यात कळल्या तरच भिंतीवर जातील.